इन्सुलिनची वेळ, घराची वेळ

केंदूर, पाबळ, कान्हेरसर, करंदी, धामारी या शिरूर-खेडच्या कोरड्या पट्ट्यात परिचारिका म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली. लसीकरण, बाळंतपणं, कुटुंबनियोजन, हिवतापासाठी रक्ताच्या काचा, पावसाळ्यातले जुलाब हे आमचं रोजचं काम. शुगर हा तेव्हा पुण्या-मुंबईच्या बसून काम करणाऱ्या माणसांचा आजार समजला जाई. नोकरी संपत आली तोवर चित्र पालटलं होतं. आज निवृत्तीनंतर माझ्या दारात सर्वांत जास्त माणसं येतात ती इन्सुलिनच्या कामाने. कुणाला सुई टोचून हवी असते, कुणाला नवं पेन कसं लावायचं ते कळत नाही, कुणाची बाटली उन्हात राहिलेली असते.

या कामाने मला एक गोष्ट पक्की शिकवली. इन्सुलिनची बाटली घरात आली की उपचार सुरू झाला असं नसतं. प्रत्येक इन्सुलिनला स्वतःची वेळ असते: ते कधी काम सुरू करतं, कधी भरात येतं, कधी ओसरतं. आणि प्रत्येक घरालाही स्वतःची वेळ असते: न्याहारी कधी, शेतावर कधी, जेवण कधी, रात्रीचं पाणी कधी. या दोन वेळांचा मेळ बसला तर माणूस वर्षानुवर्षं धडधाकट राहतो. मेळ बसला नाही तर तेच औषध त्याला बांधावर आडवं पाडतं. हा मेळ घालून देणं हे माझ्या मते उपचाराचंच काम आहे, आणि सर्वांत जास्त दुर्लक्ष त्याचंच होतं.

मी शिकत होते तेव्हा इन्सुलिन गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं असे. काचेची सिरिंज, जाड सुया, पातेल्यात उकळून पुन्हा वापरायच्या. सुई बोथट झाली की पेशंटच्या चेहऱ्यावर ते दिसायचं. तरीही आमच्या शिक्षिका ही बाटली फार आदराने हातात धरायच्या. त्यांनीच आम्हाला टोरांटोची हकीकत सांगितली होती. 1921 मध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून हा रस वेगळा काढला, कॉलिप यांनी तो शुद्ध केला, आणि जानेवारी 1922 मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला तो टोचला. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस जगवणं एवढंच डॉक्टरांच्या हातात होतं. शोधकर्त्यांनी पेटंटचे हक्क टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. 14 नोव्हेंबर हा बँटिंग यांचा जन्मदिवस, तोच आज जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळतात.

पुढे जिवाणूंमध्ये मानवी जनुक घालून माणसाच्या इन्सुलिनसारखंच इन्सुलिन तयार होऊ लागलं. 1982 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पुढच्या काळात आपल्याकडेही ते बनू लागलं. त्यानंतर आली ॲनालॉग इन्सुलिनं, म्हणजे मूळ रचनेत थोडा बदल करून काही जास्त झटपट केलेली, काही जास्त संथ केलेली. उकळायची सिरिंज गेली, एकदाच वापरायची आली, मग पेन आलं, त्याला केसासारखी बारीक 4 मिलिमीटरची सुई आली. औषध आणि सुई दोन्ही सुधारत गेली. समजावून सांगण्याचा वेळ मात्र वाढला नाही.

हा आजार आमच्या गावात कसा शिरला याचं उत्तर काही अंशी आमच्याच गावांनी जगाला दिलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून या भागातल्या सहा गावांत एक मोठा अभ्यास सुरू केला. केंदूर त्यातलंच एक. पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी या नावाने तो वैद्यकाच्या जगात ओळखला जातो. लग्न झालेल्या बायकांची दिवस राहण्याआधीपासून वजनं, उंची, खाणं, काम यांची नोंद झाली. मग त्यांच्या पोटी जन्मलेल्या सातशेच्या वर बाळांची मोजमापं झाली, आणि त्या मुलांचा मागोवा पुढे अनेक वर्षं घेतला गेला. बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा खूपच हलकी, सरासरी पावणेतीन किलोच्या आत-बाहेर. पण नीट मोजल्यावर दिसलं की कमी होते ते स्नायू, चरबी तेवढी कमी नव्हती. दिसायला किरकोळ, आतून चरबीदार. आयांमध्ये बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता फार मोठ्या प्रमाणात होती. ज्या आयांमध्ये बी-12 कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची खूण जास्त दिसली.

याचा अर्थ मला रोजच्या कामात कळला. रांजणगावच्या एमआयडीसीत पाळीने कामाला जाणारा तिशीतला एक तरुण आला, अंगाने काटकुळा. दोन महिने तहान, लघवी, थकवा. तपासणीत शुगर 400 च्या पुढे. तो म्हणाला, "सिस्टर, माझं वजन बघा की. मला कशी शुगर होईल?" त्याच्या आईचं बाळंतपण याच भागातलं. अर्धपोटी, ओझी वाहणारी आई, पोटात कमी मिळालेलं बाळ, आणि मोठेपणी वडापाव, गोड चहा, रात्रपाळी. अंगकाठी बारीक आहे म्हणून शुगर तपासायची नाही, हा समज आमच्या भागात सर्वांत महाग पडलेला आहे.

त्या तरुणाला डॉक्टरांनी सुरुवातीलाच काही आठवडे इन्सुलिन दिलं. घरात रडारड झाली. गावाकडे इन्सुलिन म्हणजे शेवट असाच अर्थ घेतला जातो. एकदा सुई लागली की आयुष्यभर सुटत नाही, डोळे जातात, पाय कापावा लागतो, असं ऐकलेलं असतं. खरं उलटं आहे. डोळे आणि पाय जातात ते वर्षानुवर्षं चढलेल्या साखरेने. लोक सुई टाळत टाळत अगदी उशिरा घेतात, तोवर नुकसान झालेलं असतं, आणि दोष शेवटी आलेल्या सुईवर जातो. त्या तरुणाची साखर खाली आल्यावर डॉक्टरांनी त्याचं इन्सुलिन थांबवून गोळ्या ठेवल्या. सगळ्यांचं असं होत नाही. दहा-पंधरा वर्षांच्या मधुमेहात स्वादुपिंड दमतं आणि इन्सुलिन कायम लागू शकतं. पण ते लागणं म्हणजे हरणं नव्हे.

इन्सुलिनचे प्रकार समजावताना मी शेतातलं पाणी सांगते, कारण आमच्याकडे पाण्याचा हिशेब लहान पोरालाही कळतो. शरीराला दोन तऱ्हेने इन्सुलिन लागतं. एक ठिबकसारखं, चोवीस तास थोडं थोडं, जेवलो नाही तरी. दुसरं जेवणाच्या वेळी पाटाला सोडल्यासारखं, एकदम आणि थोडा वेळ. ग्लार्जिन, डेग्लुडेक ही लांब पल्ल्याची इन्सुलिनं ठिबकची. ग्लार्जिन साधारण एक दिवस पुरतं, डेग्लुडेक त्याहून जास्त. दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ दिसतात, आणि ग्लार्जिन दुसऱ्या इन्सुलिनबरोबर एका सिरिंजमध्ये कधीच मिसळायचं नाही. लिस्प्रो, अस्पार्ट ही झटपट इन्सुलिनं पाटाची. दहा-पंधरा मिनिटांत सुरू होतात, तास-दोन तासांत भरात येतात, चार-पाच तासांत संपतात. ती घ्यायची ताट समोर आल्यावर. त्यांच्या आधीचं साधं, म्हणजे रेग्युलर इन्सुलिनही स्वच्छच असतं, पण सुरू व्हायला अर्धा तास घेतं. म्हणून ते जेवणाआधी अर्धा तास घ्यावं लागतं. आणि मधलं, एनपीएच नावाचं, दुधी रंगाचं. ते दीड-दोन तासांनी सुरू होतं, चार ते दहा तासांच्या मध्ये कधीतरी भरात येतं आणि दिवसाच्या अर्ध्याहून थोडं अधिक टिकतं.

आमच्या भागात सर्वांत जास्त चालतं ते मिश्र इन्सुलिन, 30/70 नावाचं: 30 टक्के साधं, 70 टक्के दुधी. ते स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यातही मिळतं, आणि दिवसातून दोन सुयांत भागतं. याच बाटलीने मला पहिला मोठा धडा दिला.

कांद्याच्या लागणीचे दिवस होते. एका वस्तीवरून पोरगं पळत आलं, "सिस्टर, लवकर चला, तात्या येड्यागत करत्यात." तात्या बांधावर बसले होते, अंगाला घाम, हात थरथरत, सुनेला ओळखत नव्हते. कुणी म्हणत होतं ऊन लागलं, कुणी म्हणत होतं बाहेरचं काहीतरी आहे, कुणी लिंबू आणायला गेलं होतं. ग्लुकोमीटरवर शुगर 42 आली. अजून गिळता येत होतं, म्हणून पाण्यात साखर विरघळवून दिली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, पुन्हा थोडी साखर दिली, आणि मग भाकरी. अर्ध्या तासात ते भानावर आले आणि पहिला प्रश्न केला, मजुरांची जेवणं झाली का.

मग घडलेलं कळलं. सकाळी साडेसातला सुई, त्यावर न्याहारी, मग रानात. एरवी बाराच्या सुमाराला भाकरी यायची. त्या दिवशी मजूर जास्त, वाफे राहिलेले, म्हणून जेवण तीनवर गेलं. इकडे सकाळच्या सुईतला दुधी भाग बरोबर दुपारी भरात आला. पोटात अन्न नाही, अंगाला कष्ट, आणि औषध जोरावर. मिश्र इन्सुलिन घेणाऱ्याला दुपारचं जेवण चुकवता येत नाही, ही एवढीच गोष्ट त्यांना आधी कुणी सांगितली नव्हती. तेव्हापासून मिश्र इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी डोस विचारत नाही, दिवस विचारते: कधी उठता, कधी खाता, कष्टाचं काम किती वाजता. आणि खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोज कायम ठेवायला सांगते. शुगर 70 च्या खाली गेली की तीन चहाचे चमचे साखर, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा मोजायची. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात थेंबही घालायचा नाही, कुशीवर वळवायचं आणि 108 ला फोन करायचा. पाणी किंवा साखर श्वासनलिकेत गेली तर वाचवायला गेलेल्याच्याच हातून माणूस जातो.

अशीच गोष्ट रात्रीच्या पाण्याची. थ्री फेज वीज रात्रीची असली की माणसं रात्री एक-दोनला पिकाच्या पाण्याची दारं धरायला जातात. बिबट्याच्या भीतीने हातात काठी, बॅटरी, कधी सोबतीला कुणी. संध्याकाळची सुई घेऊन, हलकं जेवून गेलेल्या एका शेतकऱ्याला उसाच्या कडेला दरदरून घाम फुटला, छाती धडधडली. त्याला वाटलं जवळपास जनावर आहे, त्या भीतीनेच असं होतंय. सोबतच्या भावाने जबरदस्तीने गुळाचा खडा तोंडात घातला आणि जरा वेळाने त्याला बरं वाटलं. घामाचं, धडधडीचं, अचानक भुकेचं कारण इन्सुलिन घेणाऱ्याने आधी शुगरमध्ये शोधायचं, मग बाकी. अशा आठवड्यात संध्याकाळचा डोस आणि रात्रीचं खाणं कसं ठेवायचं हे डॉक्टरांना विचारून ठरवावं लागतं. पण पाळी रात्रीची आहे हे डॉक्टरांना सांगितलंच नाही, तर ते तरी काय ठरवणार?

दुसरा मोठा धडा सिरिंजचा. भारतात बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक 40 युनिटचं असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट. पेनच्या कार्ट्रिजमध्ये 100 युनिटचं. त्यामुळे सिरिंजाही दोन. 40 ची लाल टोपीची, 100 ची नारिंगी टोपीची. एका मामींची शुगर काही केल्या उतरत नव्हती. डोस वाढत 20 वरून 30 वर गेला होता. पथ्य पाळत होत्या, सुई चुकवत नव्हत्या. घरी जाऊन पाहिलं तर बाटली 40 ची आणि सिरिंज नारिंगी टोपीची. शहरातून येताना मुलाने दुकानात मागितली आणि दुकानदाराने हाताला लागेल ती दिली. नारिंगी सिरिंजच्या 30 रेघांपर्यंत भरलं तर त्यात 40 च्या बाटलीतलं इन्सुलिन येतं 12 युनिट. कागदावर 30, अंगात 12.

इथे घाईने सिरिंज बदलून मोकळं होणंही धोक्याचं होतं. योग्य सिरिंजने 30 घेतले असते तर अडीचपट डोस एका दिवसात अंगात गेला असता. म्हणून आधी डॉक्टरांना फोन, मग कमी डोसने नवी सुरुवात. याच्या उलटी चूक जास्त भयंकर. पेनचं इन्सुलिन 40 च्या सिरिंजमध्ये 20 रेघांपर्यंत ओढलं तर 50 युनिट आत जातात. पेन संपलं म्हणून कार्ट्रिजमधून सिरिंजने ओढणारी माणसं मी पाहिली आहेत. ते कधीही करू नये. बाटलीवर 40 लिहिलंय की 100, आणि सिरिंजवर तोच आकडा आहे का, हे दर वेळी घेताना पाहायचं. अक्षरं दिसत नसतील तर घरातल्या शाळेतल्या पोराकडून वाचून घ्यायचं.

तिसरी गोष्ट जागेची. एका आजींनी कैक वर्षं सुई पोटाच्या एकाच बाजूला घेतली. त्या म्हणायच्या, "तिथं दुखत नाय गं बाई." दुखत नव्हतं कारण तिथे कातडीखालची चरबी वाढून टणक गाठ बनली होती. अशा गाठीत टोचलेलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. आज अर्धं, उद्या पुरं, परवा भलत्याच वेळी. त्यांच्या शुगरच्या वहीत 90 आणि 350 शेजारी शेजारी होते. जागा बदलताना डॉक्टरांनी डोस कमी केला, कारण चांगल्या जागेतून तेच औषध पुरेपूर लागू होतं. सुई पोटावर बेंबीपासून दोन बोटं सोडून घ्यावी, मांडीच्या बाहेरच्या बाजूला घ्यावी, दंडाच्या मागच्या बाजूला किंवा कुल्ल्यावर घ्यावी. पोटातून इन्सुलिन सर्वांत लवकर शोषलं जातं, मांडीतून सावकाश. रोज एकाच भागात पण दर वेळी बोटभर सरकून टोचायचं आणि महिन्यातून एकदा हाताने चाचपून गाठ आहे का पाहायचं.

टोचण्याची रीतही सांगून ठेवते, कारण ती एकदा नीट दाखवली की बहुतेकांना जमते. हात साबणाने धुवायचे. दुधी किंवा मिश्र बाटली दोन्ही तळहातांत धरून हळूहळू फिरवायची, रंग एकसारखा होईपर्यंत. जोराने हलवायची नाही. जेवढे युनिट घ्यायचे तेवढी हवा आधी बाटलीत सोडायची, मग औषध ओढायचं, बुडबुडे टिचकी मारून काढायचे. साधं आणि दुधी एका सिरिंजमध्ये घ्यायचं असेल तर आधी स्वच्छ, मग दुधी. पेन असेल तर नवी सुई लावून आधी दोन युनिट हवेत सोडायचे, टोकाला थेंब दिसला पाहिजे. टोचल्यावर बटण दाबून मनात दहापर्यंत मोजायचं, मग सुई काढायची. चोळायचं नाही. पेनची सुई काढून ठेवायची, लावून ठेवली तर औषध गळतं आणि हवा शिरते. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या डब्यात साठवून दवाखान्यात द्यायच्या. उकिरड्यावर टाकलेली सुई कचरा उचलणाऱ्याच्या हातात जाते.

साठवणुकीवर तर एक वेगळा लेख होईल. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात किंवा दारात. बर्फाच्या कप्प्याला टेकलेली बाटली एकदा गोठली की वितळल्यावर दिसायला तशीच दिसू शकते, पण तिचा भरवसा संपतो. एका घरात काळजीपोटी बाटली सर्वांत थंड जागी, म्हणजे थेट बर्फात ठेवलेली सापडली. वापरात असलेली बाटली सावलीच्या थंड जागी साधारण चार आठवडे चालते. पण आमचा एप्रिल-मे चाळिशीला टेकतो आणि पत्र्याच्या घरात त्याहून जास्त. ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांना मी माठाची रीत शिकवते. मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात प्लॅस्टिकच्या डबीत कोरडी बाटली, वरून ओलं फडकं. पाणी झिरपून वाळत राहतं आणि आत गारवा टिकतो. मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या एका कुटुंबाने घोड्यावरच्या बिऱ्हाडात असंच मडकं नेलं होतं.

केंदूर हे संत कान्हूराज पाठक महाराजांचं गाव, त्यामुळे वारी आणि एकादशी इथे घराघरांत आहे. इन्सुलिन घेणाऱ्याला वारीला जाऊ नको असं मी कधी म्हटलं नाही. आषाढीच्या वारीत अठरा-वीस दिवस रोज कैक किलोमीटर चालणं होतं. चालण्याने इन्सुलिन जास्त लागू पडतं, म्हणून निघण्याआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यावा, पायात मोजे आणि बूट असावेत, आणि दिंडीतल्या दोघांना तरी आपल्या आजाराची कल्पना द्यावी. उपवासाचं तसंच. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीने आधी साखर चढते आणि नंतर रिकाम्या पोटी उतरते. ज्यांना मिश्र इन्सुलिन आहे त्यांनी कडक उपवास करू नये, हे मी हात जोडून सांगते. लांब पल्ल्याचं इन्सुलिन असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडी मोकळीक मिळते.

सर्वांत जास्त मला शिकवलं ते एका लहान मुलीने. आठ-दहा वर्षांची. महिनाभर वाळत चालली होती, रात्री अंथरूण ओलं व्हायचं, मग उलट्या, पोटात दुखणं. घरच्यांनी जंतांचं औषध दिलं होतं. मी पाहिली तेव्हा ती खोल, भराभर श्वास घेत होती आणि तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास होता. शुगर मशीनवर आकडाच आला नाही, नुसतं हाय. तिला तातडीने पुण्याला हलवलं आणि ती वाचली. हा पहिल्या प्रकारचा मधुमेह. यात शरीर इन्सुलिन बनवायचं जवळजवळ बंद करतं. गोळ्यांनी भागत नाही, पथ्याने भागत नाही. इन्सुलिन आयुष्यभर, एकही दिवस न चुकवता.

ती घरी आली तेव्हा दिवसाला चार सुया होत्या: तीन जेवणांना झटपट, रात्री लांब पल्ल्याचं. काही आठवड्यांनी तिला लागणारा डोस खूपच कमी झाला. त्याच सुमारास कुणीतरी लांबून आणलेली झाडपाल्याची पूड सुरू झाली होती. घरच्यांना वाटलं, पुडीने गुण आला, आता सुई बंद करू. पहिल्या प्रकारात असं बऱ्याचदा होतं. उपचार सुरू झाल्यावर स्वादुपिंडातल्या उरल्यासुरल्या पेशी थोडा काळ जोर धरतात आणि मग थांबतात. त्या वेळी सुई सोडली असती तर ती पोर पुन्हा त्याच अवस्थेत गेली असती, आणि वेळेत पुण्याला पोहोचलीच असती असं सांगता येत नाही. मी तिच्या आजीजवळ पुन्हा पुन्हा जाऊन बसले. शेवटी आजीच पुडी देणाऱ्याला म्हणाली, "पोरगी आमची हाय, तुझी नाय." त्या क्षणी त्या घरातलं वारं फिरलं. पुढे मुलगी स्वतः टोचायला शिकली, शाळेतल्या बाईंच्या कपाटात साखरेची डबी राहिली, आजारपणात खाणं कमी झालं तरी लांब पल्ल्याचं इन्सुलिन बंद करायचं नाही हे घरात सगळ्यांना पाठ झालं. आज ती कॉलेजात आहे, आणि नव्याने इन्सुलिन सुरू झालेल्यांना पेन लावून दाखवायला मी तिलाच बोलावते.

गरोदरपणातलं इन्सुलिन हा आणखी एक भीतीचा विषय. ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी केलेल्या तपासणीत एका लेकीची साखर जास्त निघाली, पथ्याने उतरली नाही, म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिन लिहिलं. सासूबाईंना वाटलं औषध बाळाला बाधेल. इन्सुलिन वार ओलांडून बाळाकडे जात नाही, आईची जास्तीची साखर मात्र जाते. हे कळल्यावर त्याच सासूबाई वेळेवर सुई घ्यायला लावू लागल्या. बाळंतपणानंतर तिचं इन्सुलिन थांबलं. पण अशा आईने दीड महिन्याने पुन्हा तपासणी करावी आणि पुढे दर वर्षी करत राहावी, कारण तिला पुढे मधुमेह होण्याची शक्यता जास्त असते. आईच्या पोषणाचं आणि बाळाच्या पुढच्या आरोग्याचं नातं आमच्या सहा गावांच्या अभ्यासाने जगाला दाखवलं. त्याचा पहिला उपयोग आमच्याच घरात व्हायला हवा.

आता आशाताई तिशीच्या पुढच्या सगळ्यांची माहिती भरून त्यांना तपासणीला आणतात, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतात, गोळ्या आणि बऱ्याचदा इन्सुलिनही मोफत मिळतं. हे मोठं काम आहे. त्यात एक भर घालावी, अशी माझी आरोग्य खात्यातल्या आणि खासगी दवाखान्यातल्या सर्वांना विनंती आहे. ज्या दिवशी इन्सुलिन लिहून द्याल, त्या दिवशी पेशंटला आणि घरातल्या एका माणसाला अर्धा तास द्या. त्यांच्या हाताने सुई भरून घ्या आणि त्यांचा दिवस कसा जातो ते विचारा.

आणि ज्यांच्या घरात इन्सुलिन आलं आहे त्यांना सांगणं आहे. दवाखान्यातून उठण्याआधी सहा गोष्टी विचारा: हे इन्सुलिन कोणत्या प्रकारचं, जेवणाआधी किती वेळ घ्यायचं, सिरिंज 40 ची की 100 ची, जेवण चुकलं तर काय, आजारपणात काय, आणि शुगर उतरली तर फोन कुणाला. उत्तरं कागदावर लिहून घ्या आणि तो कागद सगळ्यांना दिसेल अशा जागी चिकटवा. सुईला घाबरून दिवस ढकलू नका. वेळेवर, नीट घेतलेलं इन्सुलिन माणसाला कष्ट करू देतं, वारी करू देतं, नातवंडं पाहू देतं. हे मी माझ्या गावात पाहिलेलं आहे.